मुलीच्या पोटदुखीमागची भीती

प्रश्न : यावल तालुक्यातील आमच्या गावातून आम्ही या जूनमध्ये जळगावला राहायला आलो. माझी मुलगी नववीत आहे. वर्गात मोठ्याने वाचताना तिच्या तोंडून ‘डोळे’ऐवजी ‘डोये’ असे गेले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून शाळेला निघताना तिचे पोट दुखते. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही. ‘मला काहीच येत नाही,’ असे ती सारखे म्हणते. मी काय करावे?

उत्तर : ताई, तिचे पोट खरोखरच दुखते, हे आधी घरातल्या सर्वांनी मान्य करावे. भीतीने छाती धडधडते, पचन मंदावते आणि पोटात कळ येते. त्याला ‘नाटक’ म्हटले की मुलगी सांगणेच बंद करते. मात्र शाळा बुडवल्यावर तासाभरात मिळणारा आराम फसवा असतो, कारण शाळा टाळली म्हणूनच आपण वाचलो, असे मन धरून बसते आणि दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. म्हणून तिला घरी ठेवू नका, पण एकदम वर्गासमोरही उभे करू नका. आधी तुमच्यापुढे पाच ओळी, मग एखाद्या मैत्रिणीपुढे, आणि शिक्षिकांशी आधी बोलून वर्गात दोनच ओळी, अशा पायऱ्या ठेवा. एका पायरीवरची धडधड कमी झाल्यावरच पुढची घ्या.

तुमच्या भागातल्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तो त्या बोलीचा नियम आहे, मुलीचा दोष नव्हे. घरात ही बोली कृपया बंद करू नका, नाहीतर तिला आजीच्या बोलण्याचीही लाज वाटू लागेल. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी याच मातीतल्या बोलीत गाणी रचली आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले, हे तिला अवश्य सांगा.

‘तू हुशार आहेस’ हे तिला आज पटणार नाही. ‘काल अडखळलीस, तरी परिच्छेद पूर्ण केलास,’ हे पटेल. बाजारातून भरताची वांगी पारखून, भाव करून आणण्याचे काम तिच्याकडे सोपवा आणि तिने आणलेल्या वांग्यांना नावे ठेवू नका.

काही आठवड्यांत फरक पडला नाही, झोप किंवा जेवण तुटले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणे नको झाल्याची भाषा तिने केली, तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटे सोडू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.