सुनेकडचे बून

प्रश्न : माझी सून अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. तिच्या माहेरी म्हणतात, आम्ही डॅनियल बूनचे (अठराव्या शतकात केंटकीत वस्ती वसवणारा तो प्रसिद्ध शिकारी) वंशज. खरं-खोटं कसं शोधायचं?

उत्तर : ताई, बूनपासून खाली येऊ नका, सुनेच्या आजीपासून मागे जा. मी स्वतः उलटं करून एक अख्खा उन्हाळा घालवलाय! १८५०पूर्वीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची नुसती डोकी मोजलेली. केंटकीच्या १७९०च्या याद्या तर उरल्याच नाहीत. तिथे करयाद्या, मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त चाळायचे. बून घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या सभांच्या वह्यांत जन्म-लग्नं सापडतात. बून (Boone) या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ कधी असतो, कधी नसतो. आणि डॅनियलला भाऊही बरेच होते. सून पुतण्याच्या शाखेतलीही निघेल.