सुझन वॉर्नर वाचायला घेताना

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. प्रबंधिकेसाठी सुझन वॉर्नर या अमेरिकन लेखिकेची ‘द वाइड, वाइड वर्ल्ड’ ही कादंबरी निवडलीस, फार चांगलं केलंस. आधी प्रतीचं बघ. ही कादंबरी न्यूयॉर्कच्या जॉर्ज पुटनमने १८५० च्या डिसेंबरात दोन खंडांत काढली; लेखिकेचं नाव छापलं एलिझाबेथ वेदरेल, हे वॉर्नरचं टोपणनाव. फुकट मिळणाऱ्या ई-प्रती बहुतेक जुन्या छपाईवरून केलेल्या असतात आणि त्यांत नायिका एलेनच्या लग्नानंतरचं शेवटचं प्रकरण नसतं. वॉर्नरने ते लिहिलं होतं, पण ते वाचकांपुढे आलं फेमिनिस्ट प्रेसच्या १९८७ च्या आवृत्तीत. शेवटाबद्दल काहीही लिहिण्याआधी तीच प्रत मिळव.

पहिल्या वाचनात बहुतेकजण एका जागी अडकतात: एलेन सतत रडते. मग ‘भावविवश’ असा शेरा मारून ते मोकळे होतात. तू रडण्याकडे जरा दुर्लक्ष कर आणि वस्तूंवर नजर ठेव. वहीत चार रकाने आख: वस्तू, कोणी दिली, कोणी काढून घेतली, एलेनने त्यावर काय केलं. सुरुवातीलाच आजारी आई स्वतःची अंगठी विकते आणि त्या पैशांतून मुलीसाठी बायबल, लिहायची पेटी आणि शिवणाची पेटी घेते. कागद, पाकिटं, पत्रावर मोहोर करायची लाख, चाकू अशी एकेक चीज निवडण्यात वॉर्नर कितीतरी पानं घालवते. ती पानं गाळू नकोस, सगळी कादंबरी तिथे रचली जाते. पुढे आईपासून दूर, जिच्या घरी एलेनला राहावं लागतं ती फॉर्च्यून आत्या एलेनचे पांढरे मोजे रंगवून टाकते, आईचं पत्र दडवून ठेवते. स्कॉटलंडला गेल्यावर मामा तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतो. प्रत्येक वेळी मुलीला हुकूम मानावाच लागतो. मग तिच्या ताब्यात उरतं काय, हा तुझ्या प्रबंधिकेचा खरा प्रश्न. शेवटच्या प्रकरणात एलेनला स्वतःची खोली मिळते, पण तिथे जायची वाट तिचा नवरा जॉन याच्या खोलीतून आहे. तुझ्या रकान्यांत ही नोंद कुठे बसते ते बघ.

पैशांचा हिशेब मात्र लेखिकेच्या आयुष्यातूनही तपास. १८३७ च्या मंदीत वडिलांची मालमत्ता गेली आणि कुटुंब हडसन नदीतल्या कॉन्स्टिट्यूशन बेटावर राहायला गेलं. सुझन आणि धाकटी ॲना, दोघी पोटासाठी लिहू लागल्या. पुस्तक तुफान खपलं, तरी परदेशी लेखकांना अमेरिकेत आणि अमेरिकन लेखकांना बाहेर स्वामित्वहक्काचं पुरेसं संरक्षण देणारा कायदा तेव्हा नव्हता. इंग्लंडातल्या चोरट्या छपाईचे पैसे हाती येत नसत. म्हणून एलेन म्हणजे सुझन असं सरळ समीकरण मांडू नकोस. एलेनला शेवटी सांभाळणारे भेटतात, सुझन मात्र १८८५ साली वारली तोवर लिहीतच राहिली.

बायबलची वचनं आली की पानं उलटायचा मोह होईल. पण आत्यापुढे गप्प बसणारी मुलगी प्रार्थनेत बोलते, त्यामुळे तिचं मन कळतं ते तिथेच.

समीक्षा वही भरल्यावरच उघड. समीक्षक नीना बेम यांचं १९७८ चं ‘वुमन्स फिक्शन’ आधी, मग जेन टॉमकिन्स यांचं १९८५ चं ‘सेन्सेशनल डिझाइन्स’. टॉमकिन्स यांचा युक्तिवाद इतका पटणारा आहे की तो आधी वाचलास तर तुझे रकाने त्यांच्याच उत्तरांनी भरतील. पहिल्या खंडाच्या नोंदी झाल्या की वही घेऊन ये.