कुलचिन्ह, मानचिन्ह की राजचिन्ह?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या प्रबोधनकाळातील सरदार घराण्यांच्या व्यक्तिचित्रांविषयी लिहिताना ढालीवरचं चित्र, गळ्यातली साखळी, हातातला दंड या सगळ्यांना ‘राजचिन्ह’ म्हटलं तर चालेल का?

नाही. वारशाने आलेलं, कुणीतरी बहाल केलेलं आणि सत्तेसोबत मिळालेलं, असा फरक चित्रकारानेच केलेला असतो. इटलीतल्या उर्बिनोच्या राजवाड्यातलं, तिथला सत्ताधीश फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याचं साधारण १४७५ सालचं चित्र पाहा. अंगावर चिलखत, हातात ग्रंथ, गळ्यात नेपल्सच्या ‘ऑर्डर ऑफ द एर्मिन’ या सरदारी सन्मानाची साखळी, डाव्या पायाला इंग्लंडच्या ‘गार्टर’ या तशाच सन्मानाचा पट्टा. हे दोन्ही सन्मान त्याला १४७४ साली मिळाले, ती मानचिन्हं. शेजारी उभ्या असलेल्या चिमुरड्या मुलाच्या, ग्विदोबाल्दोच्या, हातात राजदंड आहे. ते राजचिन्ह, आणि चित्रातला खरा मुद्दाही तोच: पोपने त्याच १४७४ साली बापाला ड्यूक केलं होतं, आता गादीला वारसही आहे. मोंतेफेल्त्रोंचा ढालीवरचा गरुड मात्र पिढीजात, म्हणून कुलचिन्ह.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. इटालियनमध्ये त्याला ‘इम्प्रेसा’ म्हणतात: एका व्यक्तीने स्वतःपुरतं निवडलेलं चित्र आणि सोबत ब्रीदवाक्य. लिओनार्दोने काढलेल्या, जिनेव्रा दे बेन्ची या फ्लॉरेन्सच्या तरुणीच्या चित्राच्या मागच्या बाजूवर ज्युनिपर या झुडपाची डहाळी रंगवलेली आहे. ज्युनिपरला इटालियनमध्ये ‘जिनेप्रो’ म्हणतात, त्यामुळे नावावर श्लेष होतो. त्या डहाळीभोवती लॉरेलची फांदी आणि ताडाची झावळी आहे. ती जोडी म्हणजे व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेम्बो याची इम्प्रेसा. याला कुलचिन्ह म्हटलं तर अर्थच बदलतो. ‘बोधचिन्ह’ म्हणजे आता कंपनीचा लोगो. मी ‘ब्रीदचित्र’ सुचवेन.

‘राजमुद्रा’ इथे नको. तो कागदावर उमटवायचा शिक्का. ‘देवक’ तर नकोच: एकच देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही, असं बंधन युरोपीय कुलचिन्हाला नाही.

भाषांतरात हमखास चुकते ती बाजू. ढालीची उजवी-डावी ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. नवरा-बायकोची चिन्हं एकाच ढालीत अर्धी-अर्धी असली, की नवऱ्याचं ‘उजवीकडे’, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे. ‘पाहणाऱ्याच्या’ हा शब्द लिहायचा राहिला, की सासर-माहेरची अदलाबदल झालीच. आणि कोपऱ्यातली ढाल पुष्कळदा नंतरच्या मालकाने रंगवून घेतलेली असते. रंगाचा थर तपासल्याशिवाय तिच्यावरून व्यक्तीचं नाव ठरवू नये.