एकखांबी तंबू असतो, स्विच नव्हे

मिक्सरच्या स्विचची आकृती काढणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ‘सिंगल पोल डबल थ्रो’ला, म्हणजे एक तार दोनपैकी कोणत्याही एका तारेला जोडणाऱ्या स्विचला, एका अनुवादित पुस्तकात ‘एकखांबी दुफेकी’ म्हटलंय, ते बरोबर का? आणि त्यांच्या स्विचवर शून्य, एक, दोन, तीन अशा खुणा आहेत, शिवाय डावीकडे हात सोडला की परत येणारा पल्स. पल्स आणि तीन आतून एकाच तारेला जातात. मग थ्रो किती धरायचे?

‘एकखांबी दुफेकी’ साफ चूक आहे, आणि हल्ली ही चूक फार कानावर पडते. कोशात पहिला दिसेल तो अर्थ उचलला की असं होतं.

इंग्रजीत ‘पोल’ एक नाही, दोन आहेत. विजेचा खांब तो एक पोल. तो लॅटिन ‘पालुस’वरून, म्हणजे जमिनीत ठोकलेली मेख. स्विचचा पोल त्याच्या नात्यागोत्यातलाही नाही. तो ग्रीक ‘पोलोस’, म्हणजे ज्याभोवती काही फिरतं तो आस. पृथ्वीचा ध्रुव, चुंबकाचा ध्रुव, बॅटरीचा ध्रुव आणि मग स्विच, असा त्याचा प्रवास. या ‘पोलोस’च्या मुळाशी ‘फिरणे’ अर्थाचा धातू आहे, आणि त्याच धातूतून संस्कृत ‘चक्र’ आलं, म्हणजे आपलं चाक! मुळातला ‘क्व’सारखा ध्वनी ग्रीकमध्ये इथे ‘प’ झाला. ‘चक्र’ शब्दात तर तो दोनदा बसलाय, एकदा ‘च’ होऊन, एकदा ‘क’ होऊन. इंग्रजी ‘व्हील’ याच कुळातला, आणि ग्रीक ‘कुक्लोस’मार्गे आलेली आपली सायकलही.

‘थ्रो’चंही तेच. जुन्या इंग्रजीत ‘थ्रावान’ म्हणजे पिळणे, फिरवणे. जर्मन ‘ड्रेहेन’ त्याचा सख्खा भाऊ. इंग्रज कुंभार आजही चाकावर मडकं ‘थ्रो’ करतो, तेव्हा तो काही फेकत नसतो. जर्मनमध्ये तारेला म्हणतात तो ‘ड्राट’ही याच घरातला, मूळ अर्थ पीळ दिलेला धागा. माझं ठाम मत आहे की स्विचचा दांडा ‘थ्रो’ करण्यात हाच जुना अर्थ जिवंत आहे. तो फेकण्यावरूनच आला म्हणणाऱ्यांनी एक सांगावं, बिजागरीवर बसवलेला दांडा फेकणार कुठे? पोल म्हणजे फिरण्याचा आस आणि थ्रो म्हणजे फिरवणं. आकृतीत नेमकं हेच दिसतं, एका टिंबाभोवती फिरणारा हात.

दोन पोलांचा हा गोंधळ आपल्याकडे रोज होतो. घरातल्या ‘डीपी’ स्विचमधला पोल ‘पोलोस’. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडतो म्हणून तो डबल पोल. गावातली ‘डीपी जळाली’ मधली डीपी मात्र खांबांची. ट्रान्सफॉर्मर ज्या दोन खांबांच्या सांगाड्यावर चढवतात त्याला डबल पोल म्हणतात, आणि तेच नाव वरच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटलं. डीपी म्हणजे ‘डिस्ट्रिब्यूशन पॉइंट’ किंवा ‘पॅनेल’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी एकदा मान वर करून खांब मोजावेत.

आता मिक्सर. पोल एक, थ्रो तीन, जागा पाच. थ्रो म्हणजे स्विचच्या मुठीच्या जागा नव्हेत. एका पोलला किती वेगवेगळ्या ठिकाणी जोडता येतं तेवढेच थ्रो. शून्याला काहीच जोडलेलं नाही. पल्स आणि तीन एकच. म्हणून चिन्हात पाच टिंबं काढा, पल्सचं आणि तीनचं टिंब रेघेने जोडा, शून्याचं मोकळं सोडा. पल्स परत येतो हे दाखवायला आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०६१७ या चिन्हसंग्रहात छोटा त्रिकोण आहे. जागेवर राहणाऱ्यासाठी छोटं वर्तुळ.

पंख्याच्या कपॅसिटरवाल्या रेग्युलेटरशी गाठ पडली तर मात्र हे मोजमाप अपुरं पडतं. एक नंबरला एक कपॅसिटर, दोनला दुसरा, तीनला दोन्ही एकदम, चारला थेट, अशी जोडणी त्यात सर्रास असते. तीनला दोन टिंबं एकदम जोडली जातात, म्हणून तिथे एका टिंबावर टेकणारा बारीक हात काढलात तर आकृती खोटी ठरते. सरळ तक्ता काढा. आडव्या ओळींत मुठीच्या जागा, उभ्या रकान्यांत संपर्क, जिथे जोडलं जातं तिथे फुली. कंट्रोल पॅनेलवरच्या व्होल्टमीटर सिलेक्टरचा, म्हणजे कोणत्या तारांमधला व्होल्टेज मोजायचा ते निवडणाऱ्या स्विचचा तक्ताही असाच असतो, आणि आयटीआयतून आलेला कोणताही वायरमन तो वाचतो. शब्दही त्याच्याच तोंडचे ठेवा, पोल आणि थ्रो.