आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) काम नव्यानं हाती घेताय तर

मॅडम, लगेच नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली उघडू नका. आधी एकच विषय घ्या, समजा बीएस्सीचं रसायनशास्त्र. त्याचे कोर्स आउटकम (विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं ते) आणि मागच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून वाचा. कुठला प्रश्न कुठलं आउटकम तपासतो? एखादं आउटकम कुठल्याच प्रश्नात येत नाही, असं बऱ्याचदा दिसतं. अटेनमेंटचा, म्हणजे आउटकम किती साध्य झालं त्याचा, आकडा त्यानंतर काढा, नाहीतर तो पोकळच.

विद्यार्थ्यांचा फीडबॅक शिक्षकासमोर भरून घेऊ नका. यावल-चोपड्याहून एसटीनं येणारी पोरं मग खरं लिहीत नाहीत, आणि मला त्यांचंच म्हणणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

अभ्यासक्रम बदलणं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे. पण प्रात्यक्षिकं, केळी-कापसावरचे प्रकल्प, तासांच्या वेळा आपल्या हातात आहेत. फीडबॅकवरून काय बदललं, ते बैठकीच्या इतिवृत्तात तारखेसह लिहा.