वाचकांचे प्रश्न : वकिली सोडावी की वकिलीतले काम बदलावे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात नऊ वर्षांपासून वकिली करते. माझे वय ३४ आहे. सुरुवातीची काही वर्षे एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली, पुढे स्वतंत्र काम सुरू केले. बहुतेक प्रकरणे वाटपाची, बांधाची आणि वहिवाटीच्या रस्त्याची आहेत. उलटतपास असेल त्याच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही आणि अलीकडे तर सकाळी बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपले प्रकरण आहे हे पाहूनच छातीत धडधडते. वादपत्र किंवा निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज लिहायला बसले की मात्र वेळेचे भान राहत नाही. मध्यंतरी लोकअदालतीत दोन सख्ख्या भावांचा जुना दावा तडजोडीने मिटला, तेव्हा जे समाधान मिळाले ते कोणताही दावा जिंकून मिळाले नव्हते. फी वेळेवर हाती येत नाही. यजमान शिक्षक आहेत, त्यामुळे घर चालते. पण मी सोडण्याचा विषय काढला की ‘एवढे शिकून आता घरी बसणार का?’ असे सासरी विचारले जाते. मी वकिली सोडावी का, आणि या वयात दुसरे काय करता येईल?
– एक वकील भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात आपण स्वतःच निदानाचा बराचसा भाग लिहून ठेवला आहे. आपल्याला कायद्याचा कंटाळा आलेला नाही. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचारणे, समोरच्या वकिलाशी रोजची झुंज आणि फीची अनिश्चितता या तीन गोष्टी आपल्याला सोसत नाहीत. लिहिणे आणि वाद मिटवणे या दोन गोष्टी आपल्याला मनापासून आवडतात. ‘वकिली सोडावी का’ या प्रश्नाला म्हणूनच मी आधी हात घालणार नाही. आपल्या आवडीच्या या दोन कामांवर पोट भरेल अशी व्यवस्था कोठे आणि कशी होऊ शकेल, याचा विचार आधी करू.

तत्पूर्वी एक सूचना. झोप न लागणे आणि छातीत धडधडणे ही लक्षणे काही आठवडे टिकली असतील, तर व्यवसायाचा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते. थकलेल्या मनाने घेतलेला निर्णय बहुधा ‘यातून एकदाचे सुटू’ एवढ्याच विचाराने घेतला जातो आणि पुढे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

आता एक शक्यता, जी आपल्या भागातील वकिलांना अगदी अलीकडे उपलब्ध झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे तेथे चालतात. द्वितीय अपील असो वा रिट याचिका, उच्च न्यायालयातील बहुतांश दिवाणी काम खालच्या न्यायालयात झालेल्या पुराव्यावर आणि कागदपत्रांवर चालते. तेथे सहसा साक्षीदार तपासला जात नाही; अपिलाचा मसुदा, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणे, तारखांची यादी आणि पूर्वीच्या निकालांची टिपणे यांवर सारी मदार असते. वाटपाच्या दाव्याची फाइल नऊ वर्षे हाताळलेल्या आणि मसुद्यात रमणाऱ्या वकिलाची गरज तेथे काम करणाऱ्या ज्येष्ठांना नक्कीच आहे. पूर्वी या कामासाठी मुंबईला बिऱ्हाड हलवावे लागले असते. आता कोल्हापूर आपल्याला जवळ आहे. एखाद्या ज्येष्ठ वकिलांना भेटून आठवड्यातील दोन दिवस मसुद्याचे काम मागावे आणि त्यासाठी मासिक रक्कम आधीच स्पष्ट ठरवून घ्यावी. फीच्या बाबतीत संकोच करण्याची आपल्या व्यवसायातील सवय कनिष्ठ वकिलांना फार महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट दस्तऐवजांची. खरेदीखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांचे मसुदे आणि बँकांसाठी मालमत्तेच्या हक्काचा शोध अहवाल ही कामे सनद (वकिलीचा परवाना) राखूनच करता येतात. सात-बारा, फेरफार आणि सूची क्रमांक २ (नोंदणीकृत दस्तांचा गोषवारा) यांवरून तीस वर्षांची साखळी जुळवणे हे चिकाटीचे काम आहे आणि एक फेरफार नजरेतून सुटला तर पुढे कोणाचे तरी घर अडचणीत येते. ज्या वादांनी आपली झोप उडवली, त्यांतले कितीतरी वाद अशाच ढिसाळ दस्तांतून जन्माला आलेले असतात, हे आपण न्यायालयात पाहिलेच असेल. म्हणून हे काम दुय्यम मानण्याचे मला कारण दिसत नाही.

मध्यस्थीबद्दल मी मुद्दाम सावधपणे लिहितो आहे. लोकअदालतीतील त्या तडजोडीने आपल्याला जे समाधान दिले, त्यावरून हा आपला पिंड आहे असे दिसते. न्यायालयाशी संलग्न मध्यस्थांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण असते. त्याची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र केंद्रीय कायदाही झाला. तातडीचा आदेश मागितलेला नसेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. क्षेत्र वाढते आहे यात शंका नाही. परंतु न्यायालयीन मध्यस्थाचे मानधन मर्यादित असते आणि तालुक्याच्या ठिकाणी केवळ त्यावर घर चालणार नाही. प्रशिक्षण अवश्य घ्यावे, मात्र त्याच्या भरवशावर बाकीचे काम आज सोडू नये.

विधी महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापक व्हायचे असेल, तर एलएल.एम. आणि त्यानंतर नेट किंवा सेट या अध्यापकांच्या पात्रता परीक्षा ही वाट दीर्घ आहे. पण केंद्र शासनाच्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन वकिली चालू ठेवूनही करता येते, तेव्हा तासिका तत्त्वावर एखादे सत्र शिकवून पाहणे शहाणपणाचे ठरेल. न्यायाधीशपदाचे आपण विचारलेले नाही, तरी कोणीतरी सुचवीलच म्हणून सांगतो. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पहिल्या पायरीच्या परीक्षेची कमाल वयोमर्यादा आपल्या वयाच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे जाहिरात बारकाईने पाहावी लागेल. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार किमान सात वर्षांची वकिली लागते, ती आपली झाली आहे. मात्र तेथे उलटतपास रोज ऐकावे लागतील, बदल्या होतील आणि निकाल एका बाजूच्या विरोधात द्यावाच लागेल. केवळ प्रतिष्ठेसाठी या वाटेने जाऊ नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

जी प्रकरणे सोडायची, ती नीट सोडावीत. वकालतपत्र दाखल झाल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. पक्षकाराला लेखी आणि पुरेशी आगाऊ सूचना द्यावी, न केलेल्या कामाची फी परत करावी आणि फाइल पोच घेऊन सोपवावी. पक्षकाराकडे फी थकली असली, तरी त्यासाठी फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवून दिले आहे. थकबाकीचा हिशेब निराळा मागावा. ज्या दाव्यात पुरावा अर्ध्यावर आहे, तो शक्यतो आपणच पुरा करावा. शेतकरी पक्षकाराला ऐन साक्षीच्या वेळी नवा वकील शोधायला लावणे बरे नाही.

सासरच्या मंडळींना सांगण्यासारखे एक उदाहरण देतो. साहित्यिक न. चिं. केळकर साताऱ्यात वकिली करत होते. १८९६ साली लोकमान्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले, टिळकांच्या कायद्याच्या वर्गात शिकवू लागले आणि वृत्तपत्राच्या कामात शिरले. त्यांचे शिक्षण वाया गेले असे महाराष्ट्रात कोणी म्हणत नाही. घरच्यांची काळजी बहुधा पैशाची असते. ती त्यांनी बोलून दाखवावी याची वाट न पाहता, येत्या वर्षात कोणत्या कामातून किती येईल आणि किती कमी पडेल याचा कागद यजमानांबरोबर बसून तयार करावा व तो सर्वांसमोर ठेवावा.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून मुंबईतील एका लॉ फर्ममध्ये वाद-विभागात चार वर्षे काम करतो. रात्री उशिरापर्यंतच्या कामाला मी कंटाळलो आहे. एका कंपनीच्या विधी विभागात नोकरी मिळते आहे. ती घेतली तर माझी सनद जाईल का? पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा देण्याचाही विचार मनात आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सनद जात नाही, परंतु वकिली थांबवावी लागते. वकिलांचे नियमन करणाऱ्या भारतीय बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी घेणाऱ्या वकिलाने तसे आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचे असते, आणि ती नोकरी असेपर्यंत त्याला वकील म्हणून काम करता येत नाही. आपल्या बाबतीत हे पत्र महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाईल. नोकरी सुटल्यावर पुन्हा अर्ज करून व्यवसाय सुरू करता येतो. न कळवता दोन्ही चालू ठेवणारे लोक आपल्याला भेटतील. त्यांचे अनुकरण करू नये, कारण ते व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकते. एकाच वेळी दोन व्यवसाय करण्याबाबत सर्वोच्च न्यायालय किती कठोर आहे, हे १९९६ च्या डॉ. हनिराज चुलानी प्रकरणात दिसते. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या मुंबईतील डॉक्टरांना ती नाकारणारा नियम न्यायालयाने वैध ठरवला.

न्यायाधीशपदाचा विचार खरोखर असेल, तर त्याची तयारी राजीनाम्याआधी करावी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर प्रवेशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे आणि ही वर्षे बार कौन्सिलकडील तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. आपली चार वर्षे त्यात बसू शकतील, पण त्यासाठी दहा वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची साक्षांकित सही लागते. ज्यांनी आपले काम प्रत्यक्ष पाहिले आहे, असे ज्येष्ठ आज आपल्याच कार्यालयात आहेत. आपण ज्या प्रकरणांत हजर राहिलात त्यांचे क्रमांक, तारखा आणि रोजनाम्याच्या (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीच्या) प्रती आताच जमवाव्यात, त्या ज्येष्ठांकडून प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यानंतरच कंपनीला रुजू होण्याची तारीख कळवावी.