आईवडील दोघंही जाड असले तर मूल जाड होणारच का? जनुकीय चाचणी करावी का?

तुमचा मुलगा चार वर्षांचा, तुम्ही दोघंही वजनदार, आणि घरचे म्हणतात, 'जीन्सची सबब सांगू नका, पोराचं ताट आवरा.' मला हा 'सबब' शब्दच खटकतो.

1997 साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओ'राहिली आणि सदाफ फारुकी यांच्या गटाने एकाच घराण्यातल्या दोन मुलांचं निदान केलं. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, 29 किलो. जन्माच्या वेळी दोघांचं वजन चारचौघांसारखंच होतं. लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकात एक अक्षर गळालेलं, त्यामुळे चरबीच्या पेशींकडून मेंदूला 'साठा पुरेसा आहे' हा निरोपच जात नव्हता. मेंदूच्या लेखी ही मुलं उपाशी होती. पुढे मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं. खाणं आपसूक कमी झालं आणि वर्षभरात 16 किलो उतरले. ती हावरट होती, की आईने लाडावलेली?

अशी मुलं फार विरळ, हे खरं. त्यामानाने एमसी4आर या भुकेशी निगडित जनुकातला दोष जास्त सापडतो. त्याच्या दोनपैकी एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि ही मुलं उंचीलाही भराभर वाढतात. बाकी बहुतेकांमध्ये जनुकांतल्या शेकडो बारीक फरकांची बेरीज असते. त्यातला सगळ्यात गाजलेला एफटीओ, तो आई आणि वडील दोघांकडून आला तरी मोठेपणी सरासरी फरक तीनेक किलोंचा. म्हणून 'होणारच' असं नाही.

चाचणीआधी जन्मापासूनच्या उंची-वजनाच्या सगळ्या नोंदी वाढीच्या तक्त्यावर मांडा. वय पाचच्या आत असताना उंचीच्या मानाने वजन तक्त्यावरच्या +3 एसडी (सरासरीपासूनचं अंतर मोजायचं माप) रेषेच्या वर असेल तर तो लठ्ठपणा. नुसत्या जास्त खाण्याने वाढलेलं मूल सहसा उंचही असतं. वजन चढतंय आणि उंची अडकलीय, तर आधी थायरॉइड आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांची तपासणी करा.

जनुकीय पॅनेल, म्हणजे लठ्ठपणाशी निगडित अनेक जनुकांची एकत्र चाचणी, कधी? पाचच्या आत तीव्र लठ्ठपणा आणि जोडीला न शमणारी भूक असेल तर: जेवून उठताच पुन्हा मागणं, रात्री उठून खाणं शोधणं, लपवून ठेवणं. तान्हेपणी अंग ढिलं होतं, दूध ओढता येत नव्हतं, असं असेल तर प्रेडर-विली या जनुकीय विकारासाठी मिथायलेशन चाचणी (डीएनएवरच्या रासायनिक खुणा बघणारी) वेगळी मागा. नेहमीच्या पॅनेलमध्ये हा विकार निसटू शकतो. जन्मतः सहावं बोट, अंधारात कमी दिसणं, यावरून बार्डेट-बीडल या दुसऱ्या जनुकीय विकाराचा संशय घ्यायचा. घरी थुंकी घेऊन पाठवायच्या किटवर पैसे घालवू नका. आणि रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' लिहिलं असेल तर ते निदान नव्हे.

निदान पक्कं झालं तर उपयोगही होतो. पीओएमसी, पीसीएसके1 किंवा लेप्टिन-रिसेप्टर (लेप्टिनचा निरोप घेणारा ग्राहक) या जनुकांमधल्या दोषासाठी सेटमेलानोटाइड या औषधाला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली.

अर्थात जनुकं निर्दोष निघाली म्हणून घरचे बरोबर ठरत नाहीत. भुकेची ओढ प्रत्येकाची वेगळी असते आणि तीही बरीचशी वारशानेच येते. ज्याची ओढ जास्त, त्याच्यासमोरून गोड पेयं हलवा, झोपेची वेळ सांभाळा, आणि हे नियम घरातल्या सगळ्यांना लावा, ताट आवरायला सांगणाऱ्यांनाही.